सहा जीबीची रेघ नेमकी कुठे आहे?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकलं असेल तर इथेच कळेल. बडोद्यातल्या एका जुन्या मराठी वाचनालयाची पुस्तकं स्कॅन होताहेत. प्रत्येक पुस्तकाचं फोल्डर किती मोठं झालं, याचा बार चार्ट तुम्हाला कार्यकारिणीपुढे ठेवायचा आहे. मॅटप्लॉटलिबने (पायथन भाषेतलं चार्ट काढायचं साधन) वाय-अक्षावर ० ते ६ आकडे छापले आणि वर कोपऱ्यात ‘१ई९’, म्हणजे ‘गुणिले एक अब्ज’, असं काहीतरी; ते कुणालाच कळलं नाही. मग तुम्ही १०२४ च्या हिशेबात एकक लावणारं फंक्शन लावलं, तर ९५३.६७ एमबी, १.८६ जीबी, २.७९ जीबी अशी लेबलं आली. दशांश उडवल्यावर २ जीबी, ३ जीबी, ४ जीबी असं सगळं देखणं झालं. पण एक फोल्डर विंडोज ५.८३ जीबी दाखवतं आणि चार्टवर त्याचा बार मात्र ‘६ जीबी’च्या रेघेच्या वर डोकं काढतो. चूक कुठे?

तुमच्या फंक्शनमध्ये नाही. चूक रेघेत आहे.

अक्षावर दोन कामं होतात आणि ती दोन वेगळे गडी करतात. रेघ कुठे मारायची हे लोकेटर ठरवतो. त्या रेघेशेजारी काय लिहायचं हे फॉर्मॅटर ठरवतो. तुम्ही फॉर्मॅटर बदललात, लोकेटर जुनाच राहिला. त्या बिचाऱ्याला बाइट वगैरे काही ठाऊक नाही. त्याला फक्त मोठे आकडे दिसतात आणि तो दहाच्या हिशेबात गोल जागा शोधतो. म्हणून रेघा पडल्या १ अब्ज, २ अब्ज, ३ अब्ज बाइटवर. तुमच्या हिशेबातला एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. त्याने २ अब्जाला भागलं की १.८६ येतात, ६ अब्जाला भागलं की ५.५९. दशांश उडवल्यावर ५.५९ चे ‘६’ झाले. म्हणजे सहा म्हणून लिहिलेली रेघ उभी आहे ५.५९ वर, आणि ५.८३ चं फोल्डर तिच्या वर जाणारच. ९५३.६७ दिसत होतं तोवर चार्ट कुरूप होता, पण खरं बोलत होता. गोल केल्यावर तो खोटं बोलायला लागला.

याहून वाईट प्रकार रेघा अर्ध्या-अर्ध्या अब्जावर असल्या की होतो. तेव्हा दशांशाविना लेबलं येतात १ जीबी, २ जीबी, पुन्हा २ जीबी, ३ जीबी, पुन्हा ३ जीबी. मी हे एकदा एका मोठ्या साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये पाहिलंय. पंधरा माणसं बसली होती, कुणी काही बोललं नाही. मीही नाही. चहा चांगला होता.

तुमचा आकडा कुठून येतो ते एकदा पानापासून बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. ए-फोर पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके, म्हणजे ८६,९९,८४०. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. न दाबलेलं पान झालं २,६०,९९,५२० बाइटचं. हेच पान हजाराच्या हिशेबात २६.१ एमबी आणि १०२४ च्या हिशेबात २४.९ एमबी. असली २४० पानं म्हणजे ६,२६,३८,८४,८०० बाइट. हजाराने मोजलं तर ६.२६ जीबी, १०२४ ने मोजलं तर ५.८३. तुमचं ते फोल्डर नेमकं हेच दिसतंय. तेव्हा बार ६ अब्जाच्या वर गेला ते बरोबर, विंडोज ५.८३ म्हणालं तेही बरोबर. मधलं लेबल तेवढं दोन्हीकडचं नाही.

आता तुम्हाला आधी ठरवायला हवं की नाणं कुठलं. आपल्या बडोद्यात हे समजावायला सोपं जातं. गायकवाडी टांकसाळीचा बाबाशाही रुपया आणि इंग्रजांचा कलदार, दोघांनाही ‘रुपया’च म्हणत, पण बाबाशाही हलका पडे. कागदावर नुसतं ‘शंभर रुपये’ लिहून भागत नसे. बाबाशाही की कलदार ते लिहायचं, मग वटाव, म्हणजे दोन नाण्यांतला फरक, काढायचा. जीबीचं तस्सं आहे. १९९८ साली आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ वाल्या मापांना वेगळी नावं दिली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट. म्हणजे कलदार वेगळा, बाबाशाही वेगळा. पण विंडोजने ती नावं उचलली नाहीत. ते मोजतं १०२४ ने आणि लिहितं केबी, एमबी, जीबी. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीपासून हजाराचा हिशेब धरला. हार्ड डिस्कच्या खोक्यावर हजाराचाच असतो. म्हणून १ टीबीची नवी डिस्क विंडोजला लावली की ९३१ जीबी दिसते आणि दुकानदाराला उगाच शिव्या बसतात.

जुन्या फ्लॉपीने तर कमाल केली होती. तिच्यावरचे १.४४ एमबी म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट. अर्धा बाबाशाही, अर्धा कलदार!

वटाव किती पडतो? केबीला २.४ टक्के, एमबीला ४.९, जीबीला ७.४, टीबीला जवळपास १०. केबीच्या काळात कुणी लक्ष दिलं नाही ते समजण्यासारखं आहे, पण टीबीवर दहा टक्के हा फरक खिशाला कळतो. मला कळलाय. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात बॅकअपचं काम माझ्याकडे होतं. माझ्या चार्टवर वर्षअखेरीस ‘४० टीबी’ लागतील असं दिसत होतं. चार्ट १०२४ चा, लेबल नुसतं टीबी. खरेदी खात्याने चार्ट पाहून खोक्यावरचे ४० टीबी मागवले. ते माझ्या मापात भरले ३६.४. वर्ष संपायच्या आतच जागा संपली, आणि रात्री अकराला फोन कुणाला आला ते सांगायला नको. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून माझ्या प्रत्येक चार्टच्या अक्षाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘१ जीबी = १०२४ एमबी’ किंवा ‘= १००० एमबी’.

ठरवायचं कसं, याचा माझा नियम एवढाच की वाचणारा तो चार्ट कशाशी ताडून पाहणार आहे ते बघायचं. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’शी ताडणार असेल तर १०२४. डिस्कच्या खोक्याशी किंवा बिलाशी ताडणार असेल तर १०००. रॅमचा चार्ट असेल तर १०२४ शिवाय दुसरं काही लिहू नये. तुमची कार्यकारिणी विंडोजवर फोल्डर उघडून बघणारी आहे, तेव्हा १०२४ घ्या. पुढच्या महिन्यात डिस्क विकत घ्यायचा ठराव आला तर त्या पानावर मात्र हजाराचा आकडा वेगळा द्या.

गिबीबाइट लिहायचं का? शास्त्राने तेच बरोबर. इंजिनिअर लोकांसाठी मी तेच लिहितो. पण वाचनालयाच्या सभेत ‘गिबी’ म्हटलं तर निम्मा वेळ त्या शब्दावरच जाईल. तळटीप पुरे.

आता दुरुस्ती. सरळ, रेखीय अक्षासाठी माझी पहिली पसंती फॉर्मॅटरला हात न लावण्याचीच आहे. चार्ट काढायच्या आधीच आकड्यांना १०२४ च्या तिसऱ्या घाताने भागा, अक्षाचं नाव ‘आकार (जीबी)’ ठेवा आणि रेघांवर नुसते ०, १, २, ३ येऊ द्या. लोकेटरला आता गोल आकडे सापडतात आणि ते खरोखर त्याच जागी असतात. तुमचा बार ६ च्या रेघेच्या जरासा खाली थांबेल, जिथे त्याने थांबायला हवं. प्रत्येक रेघेपुढे ‘जीबी, जीबी, जीबी’ हा जपही वाचतो.

कधी डेटा बाइटमध्येच ठेवावा लागतो, दुसरं काही त्याच अक्षावर बसलेलं असतं म्हणून. तेव्हा दोन्ही गडी बदला. मल्टिपललोकेटरला पाऊल, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, द्या १०२४ चा तिसरा घात, आणि फंकफॉर्मॅटरला तुमचं फंक्शन. पाऊल आपोआप ठरवायचं असेल तर मी असं करतो: सर्वात मोठा आकडा घ्यायचा, त्याला सहाने भागायचं, आणि जे येईल त्याच्या लगेच वरचा दोनाचा घात हे पाऊल. तुमच्या फोल्डरवर करून बघा. ६,२६,३८,८४,८०० भागिले ६ म्हणजे १,०४,३९,८०,८००. त्याच्या लगेच वरचा दोनाचा घात १,०७,३७,४१,८२४, म्हणजे बरोबर १ जीबी. डेटा ४० जीबीपर्यंत गेला तर पाऊल ८ जीबी निघतं आणि रेघा येतात ०, ८, १६, २४, ३२, ४०. रॅम आणि पेनड्राइव्हमुळे हे आकडे लोकांच्या ओळखीचे आहेत, कुणी दचकत नाही.

एकक रेघेगणिक बदलू देऊ नका. तुमचं फंक्शन प्रत्येक आकड्याला स्वतंत्रपणे ‘कुठलं एकक शोभेल’ असं विचारतं, आणि सरळ अक्षावर तिथेच गोंधळ होतो. ५०० एमबी, १ जीबी, १.५ जीबी अशी शिडी चढताना डोळा पहिल्या पायरीलाच अडखळतो. त्याऐवजी ०.५, १.०, १.५. १०२४ च्या हिशेबात तर आणखी मजा: पाऊल २०० जीबीचं असेल तर ८०० जीबी, १००० जीबी आणि पुढे एकदम १.१७ टीबी. सर्वात मोठ्या आकड्यावरून एकदाच एकक ठरवा आणि अख्ख्या अक्षाला तेच लावा. दशांश किती ठेवायचे हेही आकडा बघून ठरवायचं नाही, पाऊल बघून ठरवायचं. पाव-पाव जीबीचं पाऊल असेल तर सगळीकडे दोन दशांश, अगदी २.०० लासुद्धा.

तुमच्या फंक्शनमध्ये चूक नाही असं वर म्हटलं, ते या प्रश्नापुरतं. दोन खड्डे त्यात आहेतच. तुम्ही लॉगॅरिदम काढून एकक शोधता. शून्य आलं की ते कोसळेल, आणि अक्षावर शून्य हमखास असतं. पायथनमध्ये हजाराचा दहाच्या पायावरचा लॉग साध्या लॉग फंक्शनने काढला तर ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो. तो खाली गोल केला की २, आणि एकक एक पायरी घसरलं. साधा लूप लावून भागत गेलेलं बरं. दुसरा खड्डा सीमेवरचा. ९,९९,९९९ बाइट हजाराच्या हिशेबात एका दशांशाने छापले की ‘१०००.० केबी’ येतं, ‘१.० एमबी’ यायला हवं. एकक आधी ठरलं, गोल नंतर केलं, म्हणून. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जावा भाषेत हेच काम करणारा, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा एक तुकडा एका अभ्यासात सर्वाधिक नकललेला जावा-तुकडा ठरला होता, आणि त्यात नेमकी हीच चूक होती. २०१९ साली खुद्द लिहिणाऱ्यानेच ती जाहीरपणे सांगून दुरुस्त केली. तोवर ती कुठे कुठे जाऊन बसली असेल, देव जाणे.

तुमचा दुसरा चार्ट, सगळ्या फाइल एकत्र दाखवणारा, त्याची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. तिथे ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) काढलेला मजकूर आहे, स्कॅन आहेत आणि आख्खी फोल्डरं आहेत. यूटीएफ-आठ या मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे दीड हजार चिन्हांचं पान साडेचार हजार बाइटच्या आसपास. शेजारी २६ एमबीचं चित्र आणि ६ जीबीचं फोल्डर. सरळ अक्षावर पहिले दोघे जमिनीला चिकटतील. इथे लॉग अक्ष हवा, आणि इथे एकक रेघेगणिक बदलणंच योग्य, कारण प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या काही पट आहे.

बहुतेक लोक इथे १ केबी, १० केबी, १०० केबी, १ एमबी अशा रेघा मारतात. हजाराचा हिशेब असेल तर उत्तम. १०२४ च्या हिशेबात शेवटची उडी दहापट नसून १०.२४ पट होते. अंतर किंचित वाढतं आणि बारकाईने बघणाऱ्याला जाळी तिरकी वाटते. मी १ केबी, ३२ केबी, १ एमबी, ३२ एमबी, १ जीबी, ३२ जीबी अशा रेघा हाताने देतो. प्रत्येक उडी बरोबर ३२ पट, अंतरं काटेकोर सारखी. तुमचं मजकुराचं पान पहिल्या दोन रेघांच्या मध्ये येईल, स्कॅनचं पान ३२ एमबीच्या थोडं खाली, पुस्तक १ जीबीच्या वर. हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या आकाराच्या किती फाइल हे दाखवणारा चार्ट, काढणार असाल तर त्याचे कप्पेही याच घातांवर तोडा, नाहीतर कप्प्याची कड एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. लॉग अक्षावर बार काढू नका, ठिपके काढा; तिथे शून्य नसतं, त्यामुळे बारची उंची कशापासून मोजायची यालाच अर्थ उरत नाही. आणि शून्य बाइटच्या फाइल तिथून गुपचूप गायब होतात. ओसीआर फसलेली पानं म्हणजे नेमक्या याच फाइल. त्यांची संख्या चार्टखाली वेगळी लिहा.

लेबलं मराठीत हवीत असं तुम्ही म्हणता, त्याचा मला आनंद आहे, पण दोन काटे आहेत. मॅटप्लॉटलिबचा मूळचा फाँट देवनागरी जाणत नाही, चौकोन छापतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मंगल लावा. त्यानंतरही वर्षानुवर्षं अडचण अशी राहिली आहे की त्याची नेहमीची छपाई अक्षरं जुळवत नाही. ‘किलोबाइट’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी यायची ती नंतर येते, जोडाक्षरं सुटी पडतात. गंमत बघा, केबी, एमबी, जीबी, टीबी यांत एकही पहिली वेलांटी नाही, एकही जोडाक्षर नाही. ही चारही लेबलं न बिघडता छापली जातात. ‘किबी’ आणि ‘गिबी’ मात्र अडकतात, म्हणून तळटीपच पुन्हा बरी. (टीबी लिहिताना एवढंच, की आमच्या मंडळातल्या एका डॉक्टरांनी ‘टीबीत झालेली वाढ’ हा मथळा बघून चष्मा काढून पुसला होता.)

हाच चार्ट पुढे वेबसाइटवर टाकलात तर ब्राउझरच्या आकडे छापण्याच्या सोयीला ‘मराठी, भारत’ सांगितल्यावर देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम आपोआप मिळतात. तिथला संक्षिप्त प्रकार ‘इंग्रजी, भारत’वर वापरू नका. काही आवृत्त्यांत तो हजारासाठी ‘टी’ छापतो, आणि डेटाच्या चार्टवर ‘टी’ म्हणजे टेरा. हजाराचे एकदम लाख कोटी!

तुमच्या वाचनालयाच्या इंटरनेटचा चार्टही त्याच अहवालात आहे, म्हणून बिटचा विषय. तिथला ‘बी’ छोटा असतो, म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, आणि हिशेब नेहमी हजाराचा. देवनागरीत छोटा-मोठा ‘बी’ नसतो, तेव्हा ‘मेगाबिट’ असं पूर्णच लिहा. मी नवरात्रात एका गरबा मैदानाच्या कॅमेऱ्यांचा हिशेब करतो. १६ कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट, मिळून ६४. ते झाले सेकंदाला ८ एमबी, आणि पाच तासांच्या रात्रीचे १४४ जीबी. आठने भागायला विसरलात तर ११५२ जीबी येतात आणि आयोजक डिस्कचा भाव ऐकून गरबाच रद्द करायला निघतात.

दुसरी साधनं वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. आर या संख्याशास्त्राच्या भाषेत स्केल्स पॅकेजचं लेबल-बाइट्स आहे; त्याला १०२४ चा प्रकार सांगितला तरी रेघा दहाच्या हिशेबातच पडतात आणि ते मुळातच पूर्णांकाला गोल करतं, म्हणजे तुमचीच चूक तयार पाकिटात. सोबत रेघांचं अंतर ठरवणाऱ्या ब्रेक्स-विड्थला १०२४ चा तिसरा घात द्या. ग्राफाना या डॅशबोर्डच्या साधनात एककाच्या यादीत बाइट दोनदा दिसतात, एक आयईसी आणि एक एसआय. पहिलं १०२४, दुसरं १०००. मॅटप्लॉटलिबमध्ये हजाराचा हिशेब पुरत असेल तर इंजफॉर्मॅटर तयार आहे, फंक्शन लिहायचीही गरज नाही.

खजिनदार काकांना तोच चार्ट एक्सेलमध्ये हवा आहे, तेव्हा ते शेवटी. नंबर फॉरमॅटमध्ये शून्यानंतर दिलेला प्रत्येक स्वल्पविराम हजाराने भागतो, १०२४ ने भागायला तिथे काही सोय नाही. म्हणून शेजारी एक कॉलम घाला, बाइटना १०७३७४१८२४ ने भागा, चार्ट त्या कॉलमवर काढा, आणि अक्षाच्या सेटिंगमध्ये मेजर युनिटच्या चौकटीत १ लिहा.